पाहिलं ते हातात उतरलं पाहिजे

वाशी म्हटलं की मुंबईच्या माणसाला खाडीपलीकडची, उंच इमारतींची वाशी आठवते. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली. सोलापूर-धुळे महामार्ग सोडून आत यावं लागतं. तालुक्याचं ठिकाण असलं तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी फिरून होतं. पावसाचा भरवसा नाही. शिवारात सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी. तालुक्यातलं तेरखेडा फटाक्यांसाठी राज्यभर माहीत आहे आणि जवळचं येरमाळा येडेश्वरी देवीसाठी. मी इथेच वाढले, इथेच पायमशीन चालवायला शिकले आणि आता बरीच वर्षं इथल्याच मुलींना शिवणकाम शिकवते.

माझ्याकडे येणाऱ्या मुली सतरा-अठरापासून बावीस-तेवीसपर्यंतच्या. काही कॉलेजात शिकतात, काहींचं शिक्षण बारावीला थांबलंय. सगळ्यांच्या हातात मोबाईल आहे आणि बहुतेकींच्या मनात एक समजूत पक्की आहे: नवं काही सुचायला मोठ्या शहरात राहावं लागतं. ही समजूत मला मान्य नाही. आपल्याला सुधारावं, काही नवं करावं, चारचौघांत आपली वेगळी ओळख असावी, ही तरुणपणातली ओढ खरी असते आणि तिला लागणारं खाद्य वाशीतही रोज समोरून जातं. अडचण असते ती पाहणं आणि करणं यांच्यामधल्या अंतराची. डोळ्यांनी पाहिलेलं दिवस मावळायच्या आत हाताने करून बघितलं, तरच ते आपलं होतं. हे मला कोणी एका दिवसात शिकवलं नाही. वेगवेगळ्या माणसांच्या कामातून ते थोडं थोडं उमगत गेलं. ते असं:

१. सुरुवात घरातल्या कापडापासून करा

मी डिझाइनचा पहिला धडा घेतला तो आजीच्या वाकळेवरून. पुण्याकडे जिला गोधडी म्हणतात तिला आम्ही वाकळ म्हणतो. आजी आधी अंगण सारवून घ्यायची. त्यावर फाटकी धोतरं आणि विटलेली लुगडी एकावर एक अंथरायची आणि सगळ्यांत वर त्यातल्या त्यात धड राहिलेलं लुगडं. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवून कापड ताणायचं, म्हणजे आतल्या घड्या सरकत नाहीत. मग मोठ्या सुईने कडेपासून धावदोरा सुरू व्हायचा आणि चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत यायचा.

लहानपणी मला ती फक्त उबेची वस्तू वाटायची. मशीनवर बसायला लागल्यावर मी तीच वाकळ उजेडात नेऊन पाहिली. गडद हिरव्या लुगड्यावर पांढरा दोरा घेतलेला, म्हणून टाकाच नक्षी झालेला. टाक्यांच्या दोन ओळींत बोटाच्या एका पेराचं अंतर, शेवटपर्यंत तेवढंच. लाल कापडाची ठिगळं तीन ठिकाणी, पण तिरक्या रेषेत, त्यामुळे नजर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाते. फाटलं होतं भलतीकडेच, तरी आजीने तोल साधण्यासाठी एक ठिगळ जास्तीचं लावलेलं. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईने रंग, अंतर आणि तोल या तिन्हींचा विचार केलेला होता.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं खेडं आहे. तिथल्या कृष्णवर्णीय शेतकरी बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत मांडल्या गेल्या. २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटंही निघाली. मी वर्गात त्या गोधड्यांचे फोटो दाखवते, आणि लगेच मुलींना सांगते की उद्या येताना घरातली सगळ्यात जुनी वाकळ घेऊन या. फोटो आणि वाकळ शेजारी ठेवली की मुली आपोआप गप्प होऊन बघायला लागतात. पेटीतलं, माळ्यावरचं, आजीच्या गाठोड्यातलं कापड आधी बघा. दुकानात नंतर जा.

२. एक कातरणवही ठेवा

नुसतं बघून काही साठत नाही. दोनशे पानांची साधी वही घ्या. दिवसातून एक पान. जे आवडलं त्याचं पेन्सिलने चित्र, जमलं तर कापडाचा तुकडा चिकटवलेला आणि खाली दोन ओळी: कुठे पाहिलं, का आवडलं. ‘छान आहे’ असं लिहायचं नाही. ‘काठ बारीक आहे म्हणून पदर भारी दिसतो’ असं लिहायचं. कारण लिहायला बसलं की डोळ्याला शिस्त लागते.

माझ्या वहीत नुसत्या कपड्यांची चित्रं नाहीत. माळवदाच्या जुन्या घराच्या दारावरचं कोरीवकाम आहे, कोनाड्याची कमान आहे आणि ती पुढे एका ब्लाऊजचा गळा झाली. कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या आहेत, त्यांच्या तिरप्या रेषा कुर्त्याच्या योकवर आल्या. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या यात्रेत लाखांची गर्दी असते. चुनखडी वेचायला लोक लोटतात, देवीची पालखी आमराईत येते. त्या गर्दीतल्या आराधी बायकांकडे बघा. कपाळावर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, मनगटात हिरवा चुडा. पिवळा, पांढरा, लाल आणि हिरवा हे चार रंग एकमेकांना न दाबता कसे नांदतात, हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या यात्रेत जास्त कळलं. घरी आल्यावर मी चारही रंगांचे तुकडे वहीत शेजारी शेजारी लावून ठेवले. रंग जुळवताना अडले की आजही ते पान उघडते.

३. आवडलं असेल तर उसवून बघा

मोबाईलवर दिसलेला ड्रेस बघून तसाच शिवून पाहायला माझी हरकत नाही. नक्कल हा शिकण्याचा जुना आणि चांगला मार्ग आहे. भजन शिकणारा आधी बुवांच्या मागून म्हणतो, कुस्ती शिकणारा वस्तादाचा डाव तसाच्या तसा करतो. पण नक्कल वरवरची नको. वस्तू आतून कशी बनली आहे ते कळलं पाहिजे.

मला शिकवणारे टेलर मास्तर सुरुवातीला मशीनला हातच लावू देत नसत. काजं करायची, हुक लावायचे, तुरपाई करायची आणि जुने ब्लाऊज उसवायचे. उसवणं हे शिक्षण आहे हे तिथे कळलं. कटोरी ब्लाऊज उसवला की समजतं, छातीचा गोलावा एका तुकड्यात येत नाही. तीन तुकडे वेगवेगळ्या वळणांनी कापून जोडले की तो आपोआप उभा राहतो. बाही उसवली की कळतं, तिची पुढची आणि मागची कड सारखी नसते. कारण हात पुढे जास्त जातो, मागे कमी.

म्हणून मी मुलींना जुन्या बाजारातले, कोणाच्या अंगाला न बसणारे कपडे आणायला लावते. आधी उसवा, तुकडे कागदावर ठेवून खडूने आखा, आणि मगच तसाच दुसरा शिवा. एकदा जमला की तिसऱ्या वेळी त्यात आपला एक बदल करा: गळा, खिसा, बाहीची लांबी, काहीही. त्या एका बदलातून आपलं काम सुरू होतं. शिवणकामाचंच असं नाही. आवडलेलं भाषण असो, एखादी रील असो, आवडलेला निबंध असो, त्याचे सांधे मोकळे करून बघा. सुरुवात कशी केली, कुठे थांबले, कशावर भर दिला. जोडणी कळली की हात धीट होतो.

४. अपुरेपणातून निघालेली युक्ती जपून ठेवा

नऊवारी लुगडं नेसणाऱ्या बाईचं लुगडं आधी मधोमध विरतं. बसताना, वाकताना तिथेच ताण येतो. काठ आणि पदर मात्र चांगले राहतात. मग घरातल्या बाया काय करायच्या, तर मधला विरलेला भाग कापून टाकायच्या आणि दोन्हीकडचे धड तुकडे काठाला काठ जुळवून शिवायच्या. याला दंड घालणं म्हणतात. जोड निऱ्यांत किंवा ओच्यात असा जायचा की चालताना कोणाला कळायचंही नाही. लुगडं आणखी दोन वर्षं निघायचं.

मला यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. पहिली म्हणजे नेमकं काय टाकायचं आणि काय ठेवायचं याची नजर. दुसरी म्हणजे जोड कुठे येऊ द्यायचा याचा विचार. आज माझ्या मुली हेच तंत्र वापरून जुन्या साडीचे कुर्ते, पर्स, उशांचे अभ्रे करतात. बंगालमधल्या बायकांनी जुन्या साड्यांच्या थरांवर धावदोरा घालून कांथा घडवला. जपानमध्ये शेतकरी घरांतल्या बायकांनी निळ्या कपड्यावर पांढऱ्या दोऱ्याने ठिगळं पक्की करता करता साशिको नावाची कला उभी केली. जगभर त्यांचं कौतुक होतं आणि त्या कलांचा उगम घरातल्या टंचाईतच आहे.

ज्यांच्याकडे पैसे कमी आहेत त्यांनी खंत करत बसू नये असं मी म्हणते, ते उपदेश म्हणून नव्हे. महागाचं कापड हातात असलं की कापायला भीती वाटते. चिंधीवर हात निर्धास्त चालतो, आणि शिकण्याच्या वयात तोच निर्धास्तपणा लागतो.

५. थांबायची वेळ ओळखायला शिका

भूम-वाशीचा पट्टा खव्यासाठी प्रसिद्ध आहे. कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र, आणि तिथल्या खव्याचा नि पेढ्याचा लौकिक दूरपर्यंत आहे. खव्याची भट्टी कधी जवळ उभं राहून बघितलीय का? मोठ्या लोखंडी कढईत दूध, खाली जाळ, आणि लांब दांड्याच्या उलथण्याने अखंड ढवळणं. म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधातून एक किलो खवा निघतो. बाकीचं सगळं वाफ होऊन जातं.

मी ज्या भट्टीवर उभी राहायचे तिथला माणूस घड्याळ बघत नसे. दूध उकळताना एक आवाज, आटताना दुसरा, आणि गोळा कढईचा तळ सोडू लागला की तिसरा. त्या तिसऱ्या आवाजाला कढई खाली. थोडं आधी उतरवलं तर खवा टिकत नाही, थोडं नंतर उतरवलं तर करपतो. मी एकदा विचारलं, ‘कसं कळतं?’ तो म्हणाला, ‘ताई, उलथणं सांगतंय की.’

शिवणकामात मुलींचं चुकतं ते बहुतेकदा इथेच. कुर्ता छान जमलेला असतो, मग त्यावर लेस, मग मोती, मग टिकल्या, मग मागे लटकन. सगळं एकमेकांना मारतं. मी वर्गात एक नियम घातलाय: काम पूर्ण झालं असं वाटलं की ते हँगरवर लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि तिथून बघायचं. एखादी गोष्ट काढून टाकली तर बिघडेल का, असं स्वतःला विचारायचं. बिघडत नसेल तर काढायची. घरात, बोलण्यात, लिहिण्यातही हाच नियम लावून बघा. भर घालणं कोणालाही येतं. आटवायला मात्र भट्टीपाशी उभं राहावं लागतं.

६. आपल्या जिल्ह्याचा इतिहास पाहायला जा, वही घेऊन

तेर आपल्याच जिल्ह्यातलं. संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून सगळे जातात, समाधीपुढे डोकं टेकवतात आणि परत येतात. माझी विनंती आहे की तिथलं वस्तुसंग्रहालयही बघा. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी जिवापाड जमवलेल्या वस्तूंतून ते उभं राहिलं. त्यात भाजलेल्या मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या, सातवाहन काळातलं रोजचं जगणं आहे.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ नावाचं ग्रीक भाषेतलं समुद्रप्रवासाचं पुस्तक लिहिलं गेलं. त्यात पैठणबरोबर तगरचं नाव येतं आणि तिथून साधं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायची असं नोंदवलेलं आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागातलं कापड बैलगाडीने बंदरावर आणि पुढे जहाजाने परदेशी निघत होतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझ्या मशीनचा फार अभिमान वाटला.

आणखी एक. ज्वालामुखीत इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पोम्पेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळालेल्या मूर्तींशी तिचं साम्य अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. तिच्या कमरेची मेखला, हातभर बांगड्या, केसांची रचना बघा. ती सजण्याची आवड आपल्याच भागातल्या हातांनी कोरलेली असू शकते.

माझी एक विद्यार्थिनी संग्रहालयातून परतल्यावर मातीच्या मूर्तीच्या गळ्यातला हार वहीत काढून बसली होती. त्याच संध्याकाळी तिने ते वळण साखळी टाक्याने सुती कापडावर उतरवलं आणि त्याचा कुर्त्याचा गळा केला. कोणी ‘कुठलं डिझाइन?’ विचारलं की ती सांगते, ‘तेरचं.’ त्या एका शब्दामागे दोन हजार वर्षं उभी असतात, आणि ती हे ताठ मानेने सांगते.

७. स्वतःची शैली मापाने सुरू होते, किमतीने नाही

कपडा अंगाला बरोबर बसला की माणूस नीटनेटका दिसतो, मग तो कितीचाही असो. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर आली पाहिजे. ती खाली ओघळली की हजाराचा शर्टही मागून घेतल्यासारखा दिसतो. तरुण मुलांनाही मी हेच सांगते. आठवडी बाजारातून घेतलेला साधा शर्ट आणा, बाजू दाबून घ्या, बाही मनगटापर्यंत करा. बदल करायला फार पैसे लागत नाहीत आणि आरशातला माणूस बदलतो.

दुसरं म्हणजे हवा आणि काम बघा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. एसटीत उभं राहायचं असतं, दुचाकीवरून धूळ खायची असते. असल्या दिवसांत चकाकणारं नायलॉन अंगाला चिकटतं आणि चेहऱ्यावर वैताग दिसतो. सुती कापडात माणूस मोकळा चालतो आणि मोकळं चालणं फार शोभून दिसतं.

तिसरं म्हणजे आपलं असं एक काहीतरी ठेवा. सीमेपलीकडून, बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलवरून आलेलं इरकल आपल्या भागातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या नेसत आल्यात. त्याचा पदर आणि अंग वेगवेगळ्या ताण्यांचं असतं. ते ताणे एकमेकांत अडकवून जोडतात, म्हणून लाल पदर एवढा ठसठशीत उठून दिसतो. एका मुलीने आईच्या विरलेल्या इरकलचा काठ जपून ठेवला आणि आपल्या प्रत्येक कुर्त्याच्या खिशावर त्याची दोन बोटांची पट्टी लावायला सुरुवात केली. कॉलेजात तिचे कुर्ते लांबून ओळखू येतात. तिला वेगळं दिसायचं होतं, त्यासाठी तिने काही विकत घेतलं नाही. आईच्या कपड्यातला एक भाग तिने रोज अंगावर वागवला. शैली अशा एका ठरवलेल्या, रोज पाळलेल्या गोष्टीतून घडते.

८. सरावाला पर्याय नाही, हे मैदानावर जाऊन बघा

धाराशिव जिल्ह्याच्या मातीत खो-खो रुजलेला आहे. या खेळाला दोन खांब, मोकळी जागा आणि पायांत जोर एवढंच लागतं. याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांनी २०१६ साली गुवाहाटीला झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलं आणि सुवर्णपदक आणलं. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आला. या दोघांचं गाव आपल्यासारखंच, ऊन आणि पाणीटंचाई आपल्यासारखीच.

मी मुलींना सांगते, जमेल तेव्हा संध्याकाळी खो-खोचा सराव बघायला उभ्या राहा. सामन्यातली चपळाई सगळे बघतात. सरावात पोरी एकच खांब, एकच वळण, एकच सूर परत परत मारत असतात. शिवणकामातही सरळ टीप येईपर्यंत वहीच्या रेघांवर बिनदोऱ्याचं मशीन चालवावं लागतं. रोज थोडं चालवा. एखादा दिवस मन लागत नाही. त्या दिवशीही मशीन उघडा, तेल घाला, बॉबिन भरून ठेवा. हात कामापाशी राहिला की मन मागून येतं.

९. आपल्या मातीतलं वाचा

भास्कर चंदनशिव याच जिल्ह्यातले, कळंब तालुक्यातल्या हासेगावचे. त्यांची ‘लाल चिखल’ ही कथा पाठ्यपुस्तकातून अनेकांनी वाचली आहे. बाजारात भाव मिळत नाही म्हणून शेतकरी बाप स्वतःच पिकवलेले टोमॅटो पायाखाली तुडवतो आणि पोरगा ते बघतो. असा बाजार आपण दर आठवड्याला फिरतो. पिशवी भरून घरी येतो. चंदनशिवांनी तो थांबून पाहिला, आणि म्हणून तो मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाचा झाला.

२०२० च्या जानेवारीत त्र्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या जिल्ह्याच्या गावी, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली भरलं. लेखक, पुस्तकं आपल्या दारी आली. तरी आपल्या घरांत पुस्तकासाठी जागा अजून थोडीच आहे. शिवणकामाच्या वर्गात मी महिन्याला एक गोष्ट वाचून दाखवते. काही मुलींना वाटतं, याचा कपड्याशी काय संबंध? संबंध आहे. गोष्ट ऐकताना मुलगी दुसऱ्याच्या जागी उभी राहते. पुढे गिऱ्हाईक म्हणून आलेल्या, दूध पाजणाऱ्या बाईचा ब्लाऊज शिवताना तिला हुक पुढे हवेत की मागे, हे त्या बाईने सांगायच्या आधी सुचतं. चांगला कारागीर दुसऱ्याची गरज आधी ओळखतो आणि वाचनाने ती ओळख वाढते.

१०. परिस्थिती बदलायची वाट पाहू नका, आणि घरच्यांनी आडवं येऊ नका

आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. माझ्या वर्गातल्या काही मुलीही जातात. मशीन बरोबर नेता येत नाही, वर्ग बुडतो. त्यांतल्या एकीने जाताना माझ्याकडून सुई, पाच रंगांचे दोरे, लाकडी रिंग आणि मांजरपाटाचा मीटरभर तुकडा मागून नेला. पहाटे उठून उसाच्या फडात, दुपारी मोळ्या बांधून गाडी भरायची, मग कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, येऊन स्वयंपाक. त्यातून तिला मिळायचा तो संध्याकाळचा थोडा उजेड.

हंगाम संपवून ती परत आली तेव्हा तो तुकडा तिने टेबलावर पसरला. उसाची पानं होती, लांब आणि कडेला धारदार, हिरव्याच्या दोन छटांत. त्यांच्यामधून बैलगाडीचं चाक, त्याच्या आऱ्या पिवळ्या दोऱ्याने. एका बाजूला कोपीचं तिरकं छप्पर, त्यात वाळल्या पाचटाची प्रत्येक काडी एकेका टाक्याने घेतलेली. मी तिला असं काही शिकवलं नव्हतं. जे रोज दिसत होतं ते तिने रोज संध्याकाळी उतरवलं होतं. पहिल्या पानाचे टाके वेडेवाकडे आणि शेवटच्या पानाचे एकसारखे होते. एका कापडावर तिची हंगामभराची प्रगती वाचता येत होती.

तिच्यासारख्या मुलींचं लग्न अठराच्या आत उरकायची घाई आजही अनेक घरांत होते. ती घाई केली की असा हात चुलीपाशी कायमचा अडकतो. कायद्याने तो गुन्हा आहेच, पण त्याहून मोठं नुकसान त्या मुलीचं आणि आपल्या गावाचं होतं. म्हणून हे शेवटचं बोलणं तरुणांच्या घरच्यांशी आहे. मुलगी असो वा मुलगा, त्याला घरात एक कोपरा आणि दिवसातला एक तास बिनकामाचा द्या. त्या तासात तो चित्र काढेल, टाके घालेल, धावेल, नाहीतर नुसतं वाचेल. ‘यातून मिळणार काय?’ हे लगेच विचारू नका. हात तयार व्हायला काळ लागतो. तयार झालेला हात मग कुठेही गेला, पुण्याला, मुंबईला किंवा सासरी, तरी कमावून खातो आणि मान उंच ठेवून जगतो. त्या तासाचा खर्च घराला काही नाही. तो द्यायचा की नाही, हे मात्र सर्वस्वी तुमच्या हातात आहे. तो द्या.